दारू, एचआयव्ही आणि शुद्धीत घेतलेले निर्णय

एचआयव्ही दारूतून पसरत नाही. हा विषाणू रक्त, वीर्य, योनीतील व गुदमार्गातील स्राव आणि आईचे दूध यांच्यामार्फतच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो. तरीही एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणारे जाणते समुपदेशक समोरच्या व्यक्तीला लैंगिक संबंधांबरोबरच दारूविषयीही विचारतात. कंडोम वापरायचा की नाही, एचआयव्हीच्या औषधाची आजची गोळी घेतली की राहिली, जोडीदाराशी तपासणीविषयी बोलायचे की तो विषय टाळायचा, हे प्रश्न पुष्कळदा नेमके अशा वेळी उभे राहतात, जेव्हा दारूमुळे विचार करण्याची ताकद क्षीण झालेली असते. समलैंगिक व उभयलैंगिक पुरुष आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती यांच्यासाठी या समुपदेशनाची एक वेगळी रीत गेल्या काही दशकांत घडत गेली आहे. तिचा गाभा मला असा दिसतो: दारू कमी होईल तेव्हा होईल, पण संरक्षणाचा निर्णय मात्र पहिल्या पेल्याच्या आधी, पूर्ण शुद्धीत झालेला असावा.

दारू प्यायल्यावर माणूस बेपर्वा होतो, एवढे सगळेच सांगतात. पण ते कसे घडते, हे समजून घेतले तर समुपदेशनाची दिशा स्पष्ट होते. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार दारूमुळे लक्षाचा परीघ आकसतो. अंधारात विजेरीचा झोत जेवढ्या जागेवर पडतो तेवढेच दिसावे, तसे नशेत समोरचे, जवळचे आणि तीव्र तेवढेच जाणवते. शेजारी बसलेल्या व्यक्तीची ओढ स्पष्ट जाणवते, मात्र तीन महिन्यांनी येणारा तपासणीचा अहवाल झोताबाहेर राहतो. मूल्ये बदललेली नसतात, माहितीही विसरलेली नसते. ती त्या क्षणी हाताशी येत नाही इतकेच. म्हणूनच ज्याला एचआयव्हीविषयी सगळे ठाऊक आहे, त्याला तेच पुन्हा ऐकवून फारसे काही साधत नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. जो माणूस मुळातच धाडसी स्वभावाचा आहे, तो जास्त पितही असेल आणि कंडोमही टाळत असेल. मग दोष दारूचा की स्वभावाचा? ही गाठ सोडवण्यासाठी प्रयोग झाले. त्यांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या काही स्वयंसेवकांना दारू आणि बाकीच्यांना दारूविरहित पेय देऊन, एखाद्या काल्पनिक प्रसंगात ते कंडोमशिवाय संबंध ठेवतील का, असे विचारले गेले. युर्गेन रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. रक्तातील अल्कोहोल प्रति मिलिलिटर ०.१ मिलिग्रॅमने वाढले की असुरक्षित संबंधांची सांगितलेली शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. प्रयोगात इरादा मोजला जातो, प्रत्यक्ष कृती नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. पण दारूचा स्वतःचा वाटा आहे, हे त्यातून ठरले. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या प्रत्यक्ष प्रसंगांच्या अभ्यासांतूनही असे दिसते की थोडी दारू आणि जोखीम यांचा संबंध धूसर आहे, तर एका बैठकीत खूप दारू पिणे आणि जोखीम यांचा संबंध बराच ठळक आहे. ही बाब समुपदेशकाच्या मोठ्या कामाची आहे, कारण त्यामुळे ‘पूर्ण सोडा’ आणि ‘चालू द्या’ यांच्यामध्ये काम करायला भरपूर जागा मिळते.

दारूची दुसरी वाट औषधांमधून जाते आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. एचआयव्ही नसलेली व्यक्ती संसर्ग टाळण्यासाठी जी औषधे आधीपासून घेते त्यांना प्रेप म्हणतात. एचआयव्ही असलेली व्यक्ती जे उपचार घेते त्यांना एआरटी म्हणतात. दोन्हींचे यश गोळ्या नियमित घेण्यावर अवलंबून असते. नशेत गोळी विसरली जाते, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की अनेक जण मुद्दाम गोळी टाळतात, कारण दारू आणि औषध पोटात एकत्र आले तर विषबाधा होईल, अशी भीती त्यांच्या मनात बसलेली असते. अमेरिकी संशोधक सेथ कॅलिचमन यांनी या समजुतीचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, ती बाळगणारे लोक पिण्याच्या दिवशी औषध अधिक चुकवतात, असे त्यांना आढळले. ही समजूत पुष्कळदा आरोग्यकर्मचाऱ्यांच्याच तोंडून निघालेल्या ‘पीत असाल तर औषध घेऊ नका’ अशा सरधोपट वाक्यातून तयार होते, ही दुःखाची गोष्ट आहे. प्रेपसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळीतील दोन्ही औषधे मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात आणि दारूमुळे त्यांचा परिणाम कमी होत नाही. यकृताचा आजार असेल किंवा सोबत इतर औषधे चालू असतील तर डॉक्टरांना जरूर विचारावे. पण ज्याला प्यायचेच आहे, त्याला दिला जाणारा सल्ला नि:संदिग्ध असला पाहिजे: दारू घेतली असली तरी गोळी चुकवायची नाही.

मग लैंगिक आणि लिंगभाव अल्पसंख्यांचा, म्हणजे समलैंगिक, उभयलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींचा, वेगळा विचार कशासाठी? सर्वप्रथम हे सांगायला हवे की ओळख हे जोखमीचे कारण नसते. विषाणू कोणाची ओळख पाहत नाही. कोणता संबंध, कोणत्या संरक्षणासह, विषाणूचे प्रमाण किती असलेल्या व्यक्तीशी आला, यावर जोखीम ठरते. गुदमैथुनात संसर्गाची शक्यता योनीमैथुनापेक्षा जास्त असते, याचे कारण तिथल्या नाजूक अस्तरात आहे, चारित्र्यात नाही. दारूच्या बाबतीत मात्र सामाजिक परिस्थितीचा वाटा मोठा आहे. इलन मेयर यांनी १९९५ मध्ये आणि पुढे २००३ मध्ये अधिक विस्ताराने मांडलेली ‘अल्पसंख्य-ताणा’ची कल्पना इथे उपयोगी पडते. रोजच्या जगण्यातील ताण सर्वांनाच असतात. पण या समुदायांतील व्यक्तींना त्यावर टोमणे, हिंसा, नोकरी वा घर गमावण्याची भीती, सतत लपून राहण्याचे श्रम आणि समाजाने शिकवलेली स्वतःविषयीची घृणा यांचे आणखी ओझे वाहावे लागते. ते हलके करायला दारू लगेच उपलब्ध असते. शिवाय जगात अनेक ठिकाणी अशा लोकांना मोकळेपणाने भेटता येईल अशी जागा दीर्घकाळ बार हीच होती. १९६९ मध्ये ज्या स्टोनवॉल इनवरील पोलिसी छाप्यानंतर न्यूयॉर्कमध्ये उठाव झाला, तोही बारच होता. जिथे पहिल्यांदा आपलेपणा मिळाला त्या जागेला ‘वाईट संगत’ म्हणणारा समुपदेशक पहिल्याच भेटीत विश्वास गमावतो.

याच कारणाने ओळख बदलण्याचा प्रयत्न हा समुपदेशनाचा भाग असू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले, आणि त्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, पारलिंगी असण्याशी संबंधित नोंदही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढण्यात आली. ‘सुधारण्याच्या’ नावाखाली केले जाणारे उपाय लज्जा वाढवतात, आणि वाढलेली लज्जा पुन्हा दारूकडेच नेते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात प्रामाणिक मोजमापाने होते. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करवून घेतलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. तिचे गुण शून्य ते ४० पर्यंत असतात. साधारणपणे ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर पोचल्याचे धरतात आणि २० किंवा त्याहून जास्त गुण आले तर दारूवर अवलंबित्व आहे का, याची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतात. ‘एक पेला’ म्हणजे किती, हेही ठरवून घ्यावे लागते, कारण घरी ओतलेला एक पेला पुष्कळदा अडीच-तीन प्रमाणित मात्रांइतका असतो; या चाचणीत एक मात्रा म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत एक अडचण येते. याच चाचणीच्या तीन प्रश्नांच्या लघुरूपात पुरुषांसाठी ४ आणि स्त्रियांसाठी ३ असे धोक्याचे वेगवेगळे गुण सहसा वापरले जातात, आणि पारलिंगी स्त्रीला किंवा पुरुषाला यांपैकी कोणता आकडा लावायचा, याचे समाधानकारक उत्तर चाचणीत नाही. अशा वेळी कागदावरच्या रकान्यावरून वाद घालण्यापेक्षा सावधगिरी म्हणून खालचा आकडा धरणे आणि त्याचे कारण त्या व्यक्तीला स्पष्ट सांगणे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

यानंतरच्या संभाषणाची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे प्रेरणात्मक मुलाखत. विल्यम मिलर यांनी दारूची समस्या असलेल्या लोकांबरोबरच्या कामातून १९८३ मध्ये ती प्रथम मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह तिचा विस्तार केला. तिच्यामागचे निरीक्षण साधे आहे. बदलाविषयी माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात; समुपदेशक ‘बदला’ची बाजू लावून धरू लागला की समोरची व्यक्ती नकळत ‘न बदलण्या’ची बाजू मांडू लागते आणि स्वतःच्याच बोलण्याने तिच्यावर पक्की होते. चूक दिसताच ती दुरुस्त करण्याची समुपदेशकाला होणारी घाई, मग ती कितीही कळकळीची असो, म्हणूनच काम बिघडवते. त्याऐवजी मोकळे प्रश्न विचारायचे, व्यक्तीने आधीच जे जमवले आहे त्याची दखल घ्यायची, ऐकलेल्यातला अर्थ पुन्हा तिच्यापुढे ठेवायचा, आणि मधूनमधून सगळ्याचा सारांश सांगायचा.

समजा, एक तिशीतला पुरुष तपासणीसाठी आला आहे आणि शनिवारी रात्री खूप पिऊन अनोळखी जोडीदाराबरोबर गेल्याचे त्याने सांगितले आहे. ‘तुम्हाला धोका ठाऊक नव्हता का?’ हा प्रश्न संवाद तिथेच संपवतो. ‘त्या रात्रीची सुरुवात कशी झाली, सांगाल का?’ या प्रश्नातून मात्र असे कळू शकते की दिवसभर घरी लग्नाचा विषय चालला होता, तो उपाशीपोटी बाहेर पडला, पहिले दोन पेले घाईने घेतले आणि तिसऱ्यानंतर मन हलके झाले. मग ‘पिण्यामुळे तुम्हाला काय मिळते?’ असे विचारायला बिचकू नये, कारण त्याचे उत्तर बहुधा धीर, ओढ व्यक्त करण्याची मोकळीक किंवा काही तास भीती न वाटणे असे असते, आणि या गरजा खऱ्या असतात. त्यानंतर ‘आणि त्यातले काय नको असते?’ असे विचारले की ‘सकाळी काहीच आठवत नाही, ते नको वाटते’ हे वाक्य त्याच्याच तोंडून येते. समुपदेशकाने पकडायचा धागा तो हाच.

त्या धाग्यावरून योजना विणली जाते, आणि तिचा भर शुद्धीत असतानाच्या तासांवर असतो. बाहेर पडण्यापूर्वी जेवायचे, किती प्यायचे ते आधी ठरवून एखाद्या विश्वासू मित्राला सांगून ठेवायचे, दोन पेल्यांच्या मध्ये पाणी घ्यायचे, कंडोम आणि वंगण खिशात आधीच ठेवायचे, परतीची सोय आधी लावायची, ही त्यातली छोटी कामे. प्रेपचा निर्णय यांहून मोठा आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी तो दारू पिणाऱ्यांना फार उपयोगी पडतो: संरक्षण त्या रात्रीच्या समजुतदारपणावर अवलंबून राहत नाही. रोजची गोळी सकाळी दात घासताना घेण्याचे ठरले, तर संध्याकाळचा पेला तिच्या आड येत नाही. ज्यांचे संबंध क्वचित येतात अशा पुरुषांसाठी प्रसंगानुरूप पद्धतही आहे. तिच्यात संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, आणि त्या दोन गोळ्या घेतल्यापासून २४ तासांनी एक व ४८ तासांनी एक घ्यायची असते. पण ज्याच्या रात्री ऐनवेळी ठरतात आणि दुसरा दिवस झोपेत जातो, त्याच्याकडून हे वेळापत्रक सहज चुकते, हे समुपदेशकाने बोलून दाखवले पाहिजे. लिंगभावाला अनुरूप असे इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घेणाऱ्यांसाठी ही प्रसंगानुरूप पद्धत सुचवली जात नाही. त्यांनी रोजची गोळी घ्यावी. प्रेपमुळे संप्रेरकांचा परिणाम कमी होईल या भीतीने अनेक पारलिंगी स्त्रिया ती टाळतात. ही भीती निराधार आहे, आणि कोणी आपणहून विचारले नाही तरी समुपदेशकाने तिचा विषय काढावा.

गोळ्या जमतच नसतील तर इंजेक्शने आली आहेत. कॅबोटेग्रॅव्हिर हे सुरुवातीच्या मात्रांनंतर दर दोन महिन्यांनी घ्यायचे असते. लेनाकॅपॅव्हिर वर्षातून दोनदाच घ्यावे लागते, आणि २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी त्याची शिफारस केली. ती सगळीकडे सारखी उपलब्ध नाहीत, पण ज्यांच्या आयुष्यात दारू अधूनमधून सगळे वेळापत्रक विस्कटून टाकते, त्यांना या पर्यायाची माहिती असणे अगत्याचे आहे.

एचआयव्ही असलेल्या व्यक्तीशी होणारे बोलणे वेगळ्या पायावर उभे असते. उपचारांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली गेले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर २’ अभ्यासात, ज्यांतील एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा ७८२ समलैंगिक जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेल्या ७६ हजारांहून अधिक संबंधांचा हिशेब मांडला गेला, आणि उपचारांखाली असलेल्या जोडीदाराकडून झालेला संसर्ग एकही आढळला नाही. अपराधीपणाच्या भाराखाली पिणाऱ्या माणसाला ही माहिती मिळाली की पुष्कळदा त्याचा श्वास मोकळा होतो. दारूचा मुद्दा तेव्हा ‘तुम्ही कोणाला तरी धोक्यात घालाल’ असा न राहता ‘तुमचे औषध चुकू नये’ असा होतो.

या सगळ्याचा उपयोग होतो का, याचे उत्तर सरळ ‘हो’ असे देता येत नाही. अमेरिकेतील सहा शहरांत ४,२९५ पुरुषांवर झालेल्या ‘एक्सप्लोर’ या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, दहा सत्रांच्या व्यक्तिगत समुपदेशनानंतर एचआयव्ही संसर्गाचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १८ टक्के कमी होते. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता आणि पहिल्या दीड वर्षानंतर तो ओसरत गेला. २०१३ मधील ‘अवेअर’ या सुमारे पाच हजार जणांच्या चाचणीत तपासणीच्या वेळी उरकलेल्या छोट्या समुपदेशनाने लैंगिक आजार कमी झाले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे: केवळ वर्तन बदलण्यासाठी केलेल्या समुपदेशनाने नवे संसर्ग घटल्याचे सिद्ध झालेले नाही, मात्र माणसाला न जोखता केलेला संवाद, समुदायातील व्यक्तींच्या सहभागाने आणि इतर प्रतिबंधक सेवांच्या जोडीने, महत्त्वाचा आहे. माझ्या मते यातून समुपदेशन निरुपयोगी ठरत नाही. औषध, तपासणी आणि कंडोम यांच्यापासून तोडलेले समुपदेशन अपुरे ठरते.

दारू कमी करण्याच्या बाबतीत पुरावा अधिक आश्वासक आहे. न्यूयॉर्कमध्ये जॉन मॉर्गनस्टर्न आणि सहकाऱ्यांनी दारूची समस्या असलेल्या, एचआयव्ही नसलेल्या समलैंगिक पुरुषांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचारांच्या काळात नुसत्या प्रेरणात्मक मुलाखतीच्या चार सत्रांचा परिणाम तिला इतर तंत्रे जोडून केलेल्या लांब उपचारांपेक्षा चांगला दिसला. २०२२ मध्ये ग्लेन-मायलो सँटोस यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्कोत १२० जणांवर केलेला प्रयोग तर आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. त्यात सौम्य ते मध्यम दारू-विकार असलेल्या लैंगिक व लिंगभाव अल्पसंख्य पुरुषांना समुपदेशनाबरोबर दारूची ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनची गोळी दिली गेली; ती रोज घ्यायची नव्हती, तर पिण्याची इच्छा होईल किंवा पिण्याचा प्रसंग येणार असे वाटेल तेव्हाच घ्यायची होती. औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या गटापेक्षा या गटाचे बेसुमार पिणे कमी झाले. पेल्याच्या आधी घेतलेला निर्णय इथे अक्षरशः गोळीच्या रूपात आहे. अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्यांना नाल्ट्रेक्सोन चालत नाही आणि यकृताचा गंभीर आजार असेल तर जपावे लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

समुपदेशनाची हद्दही ओळखावी लागते. जी व्यक्ती रोज सकाळी थरथर थांबवण्यासाठी पिते, तिला ‘उद्यापासून बंद करा’ असे सांगणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ खूप पिणाऱ्याने अचानक दारू तोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, ताप व बेभानपणा यांसह जीवघेणी अवस्था ओढवू शकते. अशा व्यक्तीला वैद्यकीय देखरेख हवी. दारूबरोबर जीएचबी किंवा जीबीएल हे नशेचे पदार्थ घेण्याची सवय असेल तर श्वास थांबण्याचा धोका असतो, हे थेट सांगावे. आणि नशेत घडलेल्या ज्या संबंधाला व्यक्तीची संमती नव्हती, त्याला कोणी तिची ‘चूक’ म्हणू नये. तिथे समुपदेशकाचे पहिले काम तिला सुरक्षित ठेवणे आणि तातडीचे वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे हे असते.

योजना पहिल्याच महिन्यात तंतोतंत पाळली जात नाही, आणि पुढची भेट त्यासाठीच असते. व्यक्ती खाली मान घालून सांगते की शनिवारी पुन्हा तसेच झाले. त्या वेळी पहिला प्रश्न कारणांचा नसतो, वेळेचा असतो: त्याला किती तास झाले? संबंधाला ७२ तास उलटले नसतील तर पेप म्हणजे संसर्गाच्या शक्यतेनंतर घ्यायचे औषध सुरू करता येते, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. त्याचा क्रम २८ दिवसांचा असतो. ते मार्गी लागले की मग योजनेचा कुठला दुवा निसटला ते पाहायचे. जेवण राहिले, मित्र आला नाही, की त्या दिवशी घरी पुन्हा काही घडले? पेपचे २८ दिवस संपल्यावर तपासणी करून, खंड न पडू देता लगेच प्रेपवर जाता येते, आणि एकाच महिन्यात दोनदा पेपची वेळ आलेल्या व्यक्तीशी तर त्या बदलाविषयी त्याच भेटीत बोलायला हवे.